मधल्या काळात दुकान मांडायचं कुठे?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या पेठेला पहिला मोठा धक्का दिला तो आगगाडीने. त्याआधी बालाघाटातून पुण्याकडे जाणारा माल आणि नगरहून सोलापूरला जाणारा माल, या दोन्हींच्या वाटा करमाळ्यात एकमेकींना छेद देत असत. निंबाळकरांच्या भुईकोटाच्या आडोशाने पेठ वसली आणि वाढली. इंग्रजी अमदानीतल्या 'इम्पिरियल गॅझेटिअर'ने हा किल्ला दख्खनमधल्या मोठ्यात मोठ्या किल्ल्यांत धरला आहे: पाव चौरस मैलाचा पसारा, आत शंभरेक घरं आणि तालुक्याची कचेरी. १८६० साली लोहमार्ग सोलापूरला पोचला. तो गेला जेऊरवरून, गावाच्या दक्षिणेला अकरा मैलांवरून. माल रुळांवर चढला आणि पेठेतली वर्दळ ओसरली.

ओसरली, पण आटली नाही. त्याच गॅझेटिअरात पुढची नोंद अशी की जनावरं, धान्य, तेल आणि कापड यांचा मोठा बाजार करमाळ्यात अजूनही आहे. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती भरली ७,३०१. एवढ्याशा गावाला एवढा बाजार कसा परवडत होता? तो गावासाठी नव्हताच. तो भोवतालच्या खेड्यांचा होता, आणि आजही बराचसा तसाच आहे. ऊस-केळीवाला शेतकरी तालुक्याला येतो ते एकाच फेरीत दहा कामं उरकायला: कचेरीतला उतारा, बँक, दवाखाना, बियाणं, पंपाचा सुटा भाग, लेकीच्या लग्नाचं लुगडं. पैसे उसाचं बिल आल्यावर. ही उधारी ज्या दुकानात चालते तिथे तो जातो. दुकानाला काच आहे की फळ्या, हे तो बघत नाही.

शहराच्या मध्यभागाचा कायापालट करून तिथे नवं बाजारकेंद्र उभारायचं, ही कल्पना आता महानगरांपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही तिची संकल्पचित्रं फ्लेक्सवर झळकतात. रुंद पदपथ, रांगेत झाडं, हातात पिशव्या घेतलेली माणसं. या चित्रांत ताडपत्री कधी दिसत नाही. उन्हात कोथिंबिरीवर पाणी शिंपडणारी बाई दिसत नाही, हमाल दिसत नाही, आणि टेम्पो उलटा घेताना मागे उभा राहून 'आन दे, आन दे' ओरडणारा पोरगा तर नाहीच. चित्र काम पुरं झाल्यानंतरचं असतं. व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्याच्या अलीकडच्या काळाने. पेठ पाडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत दुकान मांडायचं कुठे? बाजाराच्या पुनर्विकासाचा निकाल बहुतेक वेळा याच मधल्या काळात लागतो, असं जगभरच्या उदाहरणांवरून दिसतं.

पॅरिस आणि लंडन या दोन शहरांनी एकाच दशकात एकच पेच सोडवला, तोही अगदी वेगवेगळ्या रीतीने. पॅरिसच्या पोटातला ले आल हा शेकडो वर्षांचा भाजी-मांसाचा घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंगीसला हलवला. व्हिक्टर बाल्तार या वास्तुकाराने बांधलेले लोखंड-काचेचे मंडप १९७१ पासून पाडायला घेतले. मागे उरला एक प्रचंड खड्डा. तो इतकी वर्षं तसाच राहिला की पॅरिसकर त्या जागेला 'खड्डा'च म्हणू लागले, आणि मार्को फेरेरी या दिग्दर्शकाने तर त्यात चक्क एक विनोदी 'वेस्टर्न' चित्रपट चित्रित केला. १९७९ मध्ये त्या जागी जमिनीखालचं बाजारसंकुल उघडलं. ते लोकांच्या मनात कधी भरलं नाही. शेवटी त्याचीही मोडतोड झाली आणि २०१६ मध्ये वर नवं छत आलं. म्हणजे एका बाजारावर दोनदा खर्च.

लंडनचा कॉव्हेंट गार्डन बाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्सला गेला. तिथेही आजूबाजूच्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते आणि मोठ्या इमारती उठवण्याचा सरकारी बेत तयार होता. रहिवासी रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये परिसरातल्या शेकडो इमारतींना वारसा म्हणून संरक्षण मिळालं आणि बेत बारगळला. जुनाच मंडप दुरुस्त करून १९८० मध्ये दुकानांसाठी खुला झाला. आज तिथे पाय ठेवायला जागा नसते. मात्र ती गर्दी पाहुण्यांची. भाजीवाले गेले ते गेलेच, आणि लहान दुकानदाराला तिथलं भाडं झेपत नाही. इमारत वाचली म्हणजे बाजार वाचला असं होत नाही, हे कॉव्हेंट गार्डनची वाखाणणी करणारे सहसा सांगत नाहीत.

पुण्याच्या मंडईची हकिगत या दोन्हींहून जुनी, आणि मोठी गमतीची. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरे. नगरपालिकेने त्याच्यासाठी दगडी इमारत बांधायचं ठरवलं. वासुदेव बापूजी कानिटकरांनी ती बांधली आणि १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तत्कालीन गव्हर्नरच्या नावावरून नाव पडलं 'रे मार्केट'. जोतीराव फुले त्या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर लाखो रुपये घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. पुढे अर्ध्या शतकाने आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आलं. विरोध करणाऱ्याचं नाव ज्या कामाला लागलं अशी सरकारी इमारत महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण.

फुल्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: हा खर्च कोणासाठी? मंडई मात्र टिकली, आणि ती का टिकली हेही बघायला हवं. एक म्हणजे बाजार तेवढ्याच परिसरात राहिला. शनिवारवाड्यापासून मंडई चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरं म्हणजे आत गाळे केले नाहीत, ओटे केले. ओट्यावर बसणाऱ्याला शटर लागत नाही, सजावट लागत नाही, अनामतीची मोठी रक्कम लागत नाही. गिऱ्हाईक उभ्याउभ्या चार ढिगांतली वांगी हाताळून पुढे सरकतं. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, तरी किरकोळ मंडई जागची हलली नाही.

आपल्याकडच्या लहान गावांचं गाडं नेमकं इथेच अडतं. ओटा मागणाऱ्याला गाळा मिळतो. याला धोरणाचाही हातभार आहे. १९७९-८० मध्ये केंद्र सरकारने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली. तिच्यात नगरपालिकांना उत्पन्न देणारी कामं घ्यायला उत्तेजन होतं, कारण कर्ज फेडायचं होतं. उत्पन्नाचा सोपा मार्ग कोणता, तर व्यापारी संकुल. गाळे लिलावाला काढायचे, अनामत घ्यायची, दरमहा भाडं. ही योजना २००५ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. संकुलाची सवय उरली. असं संकुल कुठल्याही तालुक्याला ओळखता येतं. तळमजल्याचे गाळे भरलेले आणि शटरच्या बाहेर चार फूट वाढलेले. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. पहिल्या मजल्यावर एक शिकवणी वर्ग, एक विमा एजंट, बाकी गंजलेली कुलुपं. ज्यांच्यासाठी म्हणून ते बांधलं ते भाजीवाले याच संकुलाच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर. मग तेच 'अतिक्रमण' ठरतात.

पहिला मजला रिकामा का राहतो, याचं उत्तर वास्तुशास्त्रात शोधायची गरज नाही. डोक्यावर पाटी घेऊन जिना चढायचा कोणी? आणि दहा रुपयांच्या मिरच्यांसाठी गिऱ्हाईक तरी वर कशाला जाईल?

मुंबईचा भेंडीबाजार हे या विषयातलं महाराष्ट्रातलं एक मोठं काम. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबं आणि बाराशे-साडेबाराशे दुकानं. विकास नियंत्रण नियमावलीतल्या समूह पुनर्विकासाच्या तरतुदीखाली, म्हणजे एकेक इमारत न घेता सगळा मोहल्ला एकत्र घेऊन, हे काम चाललं आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू असलेल्यांना किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार, दुकानदारालाही त्याच परिसरात जागा. पैसा एका समाजाचा, विश्वास एका गुरूवरचा. असं भांडवल दुसऱ्या कुठल्या पेठेजवळ नाही. तरीही मधला काळ सुटला नाही. पाडकामाआधी प्रत्येक कुटुंबाला संक्रमण घरात हलवायचं होतं. काही इमारतींत अर्धी कुटुंबं गेली, अर्धी राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. ही इमारत याच प्रकल्पातली होती. पुढे २०२० मध्ये पहिल्या टप्प्याचे मनोरे उभे राहिले आणि लोक परत आले. प्रकल्प फसला असं कोणी म्हणणार नाही. पण अकरा वर्षांनी पहिला टप्पा, हा हिशेब एवढं पाठबळ असलेल्यांचा आहे.

पाडापाडी न करता नुसता रस्ता बदलण्याचा मार्गही आहे. दिल्लीत लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदनी चौकाचा १.३ किलोमीटरचा पट्टा पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधून २०२१ च्या सप्टेंबरात खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी. काम २०१८ च्या अखेरीस सुरू झालेलं, मध्ये कोरोना. तेवढा काळ दुकानांसमोर खणाखणी होती. पुण्याने त्याहून साधा प्रयोग केला. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग महापालिकेने एक दिवस वाहनांना बंद ठेवला आणि 'पादचारी दिन' साजरा केला. एका दिवसाने वाहतूक सुधारत नाही, हे खरं. पण एका दिवसाच्या प्रयोगात कोणाचं दुकान बुडत नाही, आणि गल्ला वाढला की घटला हे व्यापाऱ्याला स्वतःच्या वहीत बघता येतं. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्याची सुरुवातही १९६२ मध्ये अशीच, तात्पुरता प्रयोग म्हणून झाली होती. तिथले दुकानदारही आधी विरोधातच होते.

अर्थात मोटारी हटवल्या की बाजार फुलतोच असं नाही. अमेरिकेत कलामाझू या गावाने १९५९ मध्ये मुख्य पेठेतून गाड्या हटवल्या. देशातला तो पहिला असा प्रयोग. गिऱ्हाईक मात्र गावाबाहेरच्या मॉलकडे गेलं, आणि १९९८ मध्ये त्या रस्त्यावर गाड्या परत आल्या. करमाळ्यासारख्या गावात तर मोटरसायकल हीच बाजाराची पिशवी आहे. खताचं पोतं पाठीवर घेऊन स्टँडपर्यंत चाला, असं शेतकऱ्याला सांगून चालणार नाही.

आता कायद्याचा भाग, जो फारसा सांगितला जात नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की नगरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटल्याशिवाय कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून यायला हवेत. आणि त्या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आली आहे तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. ज्या गावच्या बाजाराची नोंद शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी ग्रंथात आहे, त्याने हे कलम वाचून ठेवायला हरकत नाही.

त्याच ग्रंथात करमाळ्याची आणखी एक नोंद आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या नगरपालिकेचं १९०३-०४ चं उत्पन्न होतं साडेअकरा हजार रुपये. गावाला पाणी येई ते दक्षिणेला पाऊण मैलावरच्या विहिरीतून, जमिनीखालच्या नळाने, गावातल्या आडांपर्यंत. पाणी बाजाराच्या दाराशी आलं, आणि त्यासाठी बाजाराला उठावं लागलं नाही. आजच्या पेठेच्या गरजाही बऱ्याचशा याच जातीच्या आहेत: बायकांसाठी स्वच्छतागृह, भाजी धुवायला नळ, तुंबणार नाही असं गटार, आठवडी बाजाराच्या जागेवर उंच पत्र्याची सावली, रात्री उरलेला माल ठेवायला कुलूपबंद खोली, आणि मालाचे टेम्पो सकाळी ठरल्या वेळेत येऊन जातील अशी शिस्त. यांतलं काहीच फ्लेक्सवर उठून दिसत नाही. पण यांतलं बरंचसं एकेक गल्ली घेऊन करता येतं.

आणि गल्ली घेताना पंचांग बघावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर रस्ता उकरायचा नाही. कार्तिकी पौर्णिमेला करमाळ्याच्या कमलाभवानीची यात्रा, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. लग्नसराईत कापडवाल्यांचं वर्षाचं पोट भरतं. पेरणीआधी बियाण्याच्या दुकानांसमोर रांगा. उरतात ते यांच्या मधले मोकळे महिने. कामाचं वेळापत्रक आधी या महिन्यांवर बसवायचं आणि मग निविदा काढायची. निविदेत उशिराबद्दल ठेकेदाराला दंडाचं कलम असतं. त्या उशिरात ज्यांची विक्री बुडाली, त्यांना त्या महिन्यांचं गाळाभाडं आणि बाजारपावती माफ, असं एक कलम त्याच कागदात घालायला नगरपालिकेला वेगळा निधी लागत नाही.