तेलाची उलटी पट्टी

(गोरेगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



'उलटी पट्टी' म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. माल बाजारात न्यायचा, तो विकला जायचा आणि वर भाडं, हमाली, तोलाईपोटी आपल्याच खिशातून पैसे भरून घरी यायचं. २० एप्रिल २०२० रोजी अशीच उलटी पट्टी अमेरिकेत खनिज तेलाची निघाली. मे महिन्याच्या सौद्याचा भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलर! महामारीनं विमानं, गाड्या, कारखाने थांबले होते. त्यात मार्चमध्ये उत्पादन कमी करण्यावरून सौदी अरेबिया आणि रशिया यांचं बिनसलं. टाक्या भरल्या, तेल ठेवायला जागा उरेना.

आमचं शिक्षण शेतकी कॉलेजातलं. पीक कसं वाढवावं हे तिथं शिकलो. भाव पडला की मरतं कोण, हे बाजारानं शिकवलं. तेल पडलं म्हणून आखातातला शेख उपाशी झोपला नाही. सरकारी कामं थांबली, ठेकेदारांची बिलं अडकली आणि ठेकेदारांनी मजुरांचे पगार अडकवले. तिथल्या कफाला पद्धतीत मजुराचा व्हिसा मालकाशी बांधलेला. नोकरी गेली की राहण्याची परवानगी जाते, खोली जाते, जेवण जातं. इकडे मार्चअखेर विमानं बंद. ७ मे २०२० पासून 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, तीही तिकिटाचे पैसे मोजून. मागे राहिले त्यांना सौदीत १ जुलैपासून व्हॅट ५ टक्क्यांऐवजी १५ टक्के. तिजोरीची तूट मजुराच्या बाजाराच्या पिशवीतून भरली.

आमच्या ओळखीचा कापूसपट्ट्यातला एक मुलगा तिकडे सळई बांधायचं काम करी. बापानं दोन एकर गहाण ठेवून एजंटाचे पैसे भरले होते. मुलगा परत आला. तीन महिन्यांचा पगार तिकडेच राहिला. सावकाराचं व्याज मात्र थांबलं नाही. इथं गोरेगावात वेगळं काय घडलं? नेस्कोच्या ज्या दालनांत प्रदर्शनं भरायची, तिथं रुग्णांच्या खाटा लागल्या. चित्रनगरीतली चित्रीकरणं बंद पडली, रोजंदारीवाले घरी बसले.

कोणी म्हणेल, तेल स्वस्त झालं तर शेतकऱ्याचा फायदाच झाला असेल. हिशेब करून पाहा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताई दिल्लीतच जिरली, आमच्या ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत आली नाही. पॉलिएस्टरचा धागा तेलापासूनच बनतो. तेल पडलं की तो स्वस्त होतो आणि कापसाचा भाव दाबतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. पण टाळेबंदीत खरेदी थांबली, कापूस घरात पडून राहिला आणि खाजगी व्यापारी हमीभावाच्या खालीच मागू लागला.

म्हणजे रोग एकच. ज्याला माल थांबवून धरता येत नाही आणि दुसऱ्या दारी जाता येत नाही, त्याच्याच डोक्यावर पडता भाव कोसळतो. कापूसवाल्याजवळ गोदाम नाही. मजुराला तर गेलेला दिवस साठवूनच ठेवता येत नाही.

मुलांनी आखातात जाऊ नये, असं आम्ही म्हणणार नाही. घामाला जिथं दाम मिळेल तिथं जाण्याचं स्वातंत्र्य त्यांना हवंच. पण एजंटाचा परवाना पाहिल्याशिवाय पैसा देऊ नका. कराराची आणि पगाराच्या पावत्यांची एक प्रत घरी ठेवा. आणि काही झालं तरी जमीन लिहून देऊन मुलाला पाठवू नका. तो रिकाम्या हातानं परतला, तर उभं राहायला तेवढीच जागा असते.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एक यादी आणावी: कोणाचा मुलगा बाहेर आहे, कोणाचा किती पगार बुडाला. आपण कापसाची थकबाकी मागतो. पोरांच्या घामाची थकबाकीही त्याच आवाजात मागू.