पावती एकाची, घर दोघांचे



भाड्याच्या घरावर हक्क कोणाचा, असे विचारले तर कोणीही सांगेल, की पावती ज्याच्या नावाची त्याचा. पण त्या घरात दोन माणसे विवाह न करता पतिपत्नीसारखी वीस वर्षे राहिली आणि ज्याच्या नावाची पावती तेच माणूस एके दिवशी निवर्तले, तर मागे राहिलेल्याने कोठे जावे?

इंग्लंडमध्ये १९५० साली हा प्रश्न अपील कोर्टापुढे आला. भाडेकरू स्त्री वारली होती. तिच्याबरोबर वर्षानुवर्षे राहिलेल्या पुरुषाला तिचा कुटुंबीय मानण्यास कोर्टाने नकार दिला. १९७५ साली त्याच कोर्टाच्या दारी एक स्त्री आली. मृत भाडेकरूबरोबर तिने एकवीस वर्षे संसार केला होता. या वेळी कोर्टाने म्हटले, की ‘कुटुंब’ या शब्दाचा लोकांच्या तोंडचा अर्थ आता पालटला आहे. ही त्याच्या कुटुंबातलीच. कायद्यातला शब्द तोच होता. पालटला होता तो समाज! पुढे १९८८ साली पार्लमेंटने ही गोष्ट कायद्यातच घातली आणि २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांनाही तोच न्याय लावला.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क देतो. विवाहाविना राहणाऱ्या जोडीदाराचा मात्र त्यात उल्लेख नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते भाड्याचे का असेना. पण तो आधार छळाविरुद्धचा आहे. त्याने ती भाडेकरू होत नाही, आणि पुरुषाला तर तो नाहीच.

तेव्हा तूर्त शहाणपणाचा मार्ग एकच : करारात दोघांची नावे घालावीत व तो नोंदवावा. मात्र हक्काबरोबर ओझेही येते. भाडे थकले, तर करारात वेगळे ठरले नसल्यास मालक सारी रक्कम एकाकडूनच मागू शकतो. शिवाय ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार मुदत संपली की संपतो, मग नावे दोन असोत की चार.

कोणी म्हणेल, अशाने विवाहसंस्थेला धक्का बसेल. मला तसे वाटत नाही. कोर्ट येथे कोणाच्या नीतीला प्रशस्तिपत्र देत नाही. ज्याने आजाऱ्याचे अंथरूण काढले, चूल पेटती ठेवली, भाड्याचा अर्धा वाटा उचलला, त्याला तेराव्या दिवशी रस्त्यावर काढावे की नाही, एवढेच ते पाहते. याचे उत्तर कायदा देईल तेव्हा देवो. आपण प्रत्येकाने ते आपल्या मनाशी आजच द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.