सेवेला जाताना
(मनोर येथे, वृद्धाश्रमात सेवाकार्यासाठी जाणाऱ्या युवकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वृद्धाश्रमात नियमित जाण्याचा संकल्प तुम्ही सोडला आहे, त्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. मात्र सेवेचा संकल्प सोपा असतो, सेवेची रीत शिकावी लागते. तिच्याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची देणगी असून आपल्या कुटुंबव्यवस्थेला लागलेला तो डाग आहे. या वाक्यामागची वेदना खरी आहे. गुरुगृहातून घरी परतणाऱ्या शिष्याला माता-पित्यांना देवासमान मानण्याचा उपदेश करणारे तैत्तिरीय उपनिषद आपलेच आहे. परंतु हे वाक्य आश्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेवूनच आत जा. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था निराश्रित वृद्धांसाठी १८६३ पासून उभी आहे. एकत्र कुटुंबे सर्वत्र नांदत होती, त्या काळातही निराधार वृद्ध होतेच. कोणी अविवाहित, कोणी निपुत्रिक, तर कोणाचा कर्ता मुलगा आई-वडिलांच्या आधी गेलेला. अशा माणसासमोर ‘मुलांनी टाकले हो’ अशी हळहळ व्यक्त करणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. आपण तेथे सेवक म्हणून जातो, न्यायाधीश म्हणून नव्हे.

आपल्याच परिसराकडे पाहा. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. दूरदूरची तरुण मुले बोईसरला आली आणि त्यांचे आई-वडील गावाकडे राहिले. दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले सहा-सात महिने झोपडीत म्हातारी माणसे उरतात. त्या मुलांना संस्कार नाहीत, असे कोण म्हणेल? पोट त्यांना दूर नेते. त्यामुळे ज्यांच्या दाराला वृद्धाश्रमाची पाटी नाही, असे एकाकी वृद्धही तुमच्या सेवेच्या कक्षेत यावेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. २००७ साली संसदेने माता-पित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क त्याने वृद्धांना दिला. पण कायदा पैसे मिळवून देईल, शेजारी बसून बोलणारे माणूस मिळवून देणार नाही. तेथे तुमचे काम सुरू होते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोला. ओरडल्याने शब्द फाटतात, कळत नाहीत. उतारवयात तहान जाणवेनाशी होते, म्हणून उन्हाळ्यात न मागता पाण्याचा पेला हाती द्या. न्हाणीघराची ओली फरशी पुसून कोरडी करणे हे भजनाच्या कार्यक्रमाइतकेच मोलाचे काम आहे, कारण या वयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. अंथरुणावर पडून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ते परिचारकाकडून नीट शिकून घ्या, मगच हात लावा. मिठाई वाटण्यापूर्वी कोणाला मधुमेह आहे ते विचारा. औषधे स्वतःच्या मनाने देऊ नका. ज्यांची स्मृती हरवत चालली आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नका. पासष्टीपुढील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिचा अर्ज भरणे, हयातीचा दाखला मिळवून देणे, तहसील कार्यालयात सोबत जाणे, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलांनी करावयाचे काम आहे.

आणि ‘पुढच्या रविवारी येतो’ असे म्हणालात, तर या. आश्रमात राष्ट्रीय सणाच्या दिवशी पाहुण्यांची गर्दी होते, वाढदिवसाला केक येतो आणि नंतर महिनोन्महिने फाटक वाजत नाही. तुम्ही विसरता, पण त्या फाटकाकडे डोळे लावून बसलेले आजोबा विसरत नाहीत. ज्यांना आप्तांनी एकदा वाट पाहायला लावले, त्यांना आपण दुसऱ्यांदा वाट पाहायला लावू नये. वर्षाकाठी एक भव्य कार्यक्रम करण्यापेक्षा आठवड्याला एक तास द्या, पण तो कधीही चुकवू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वृद्ध म्हणजे केवळ घेणारे हात, असे समजू नका. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. बोर्डीचे काम त्यांनी १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर उभारले आणि साठी ओलांडल्यावर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पुन्हा नव्याने आरंभ केला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ १९९२ पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटेपर्यंत, त्याच कार्यात राहिल्या. आपल्या जिल्ह्यातील शिक्षणाचे हे थोर कार्य उतारवयातील हातांनी तोलून धरले आहे. आश्रमातील एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून गणित शिका. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली आजीला त्यातील प्रत्येक आकृतीचा अर्थ विचारा आणि वहीत उतरवून घ्या. आपल्याजवळ अजून देण्यासारखे काही आहे, ही जाणीव माणसाला जगण्याचे बळ देते. ती जाणीव परत मिळवून देणे हीच खरी सेवा.

आश्रमातून परतल्यावर एक करा. आपल्या घरात किंवा गावाकडे जी आजी असेल, तिच्याजवळ तितकाच वेळ बसा. बाहेर शिकलेली सेवा घरात रुजली, तर आश्रमाची वाट धरावी लागणारे एखादे माणूस तरी उद्या कमी होईल. त्यासाठी तुम्हा सर्वांना शुभेच्छा.