उसाच्या ट्रॉलीमागचा लाल दिवा

गळीत हंगामात ऊस वाहतूक रात्रभर चालते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अंधारात वाहनामागे १५५ मीटरवरून दिसणारा लाल दिवा हवा. ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टरही हवेत. ते असतात हो, पण लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेले! मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसणार काय?

ट्रॉली भरली की वीस पावलं मागं जाऊन बघा. दिवा झाकला असेल तर मोळ्या सरकवा, बाहेर आलेला ऊस तोडा. रिफ्लेक्टरवरचा चिखल पुसा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटचीचा दिवा आधी तपासा. पंक्चर झाल्यास ट्रॉली रस्त्याच्या खाली घ्या, दिवा चालू ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. तेही अंधारात कोणाला दिसत नाहीत.