जमिनीखालची गाडी



पूर्वी आपल्या धरमतरहून लोक बोटीने मुंबईला जात. आता पेणहून एस.टी.ने पनवेल, तिथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथवर तुम्ही जाताच. पण पुढे सिद्धिविनायकाला जायचे, तर मुलगा रजा काढील तेव्हा, असे म्हणत किती दिवस बसायचे?

तिथूनच जमिनीखालची मेट्रो मिळते. आरे ते कफ परेड, स्थानके 27. ऑक्टोबर 2025 मध्ये ती सबंध सुरू झाली.

खाली उतरले की सूर्य दिसत नाही. उगवत कुठे, मावळत कुठे, काही कळत नाही. मग दिशा ओळखायची कशी? पाटी वाचून! आम्ही पडलो शाळामास्तर, पाटी सोडणार थोडीच! पाटीवर शेवटच्या स्थानकाचे नाव असते. ‘आरे’ लिहिलेल्या बाजूला उभे राहा. ‘कफ परेड’ म्हणजे उलटी वाट. चुकून बसलात तरी घाबरू नका. पुढच्या स्थानकावर उतरा, उलट जाणारी गाडी धरा.

तिकिटाच्या कागदावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. तो दाखवला की फाटक उघडते. बाहेर पडतानाही तो लागतो. तेव्हा तिकीट चुरगाळू नका, पानाच्या चंचीत तर मुळीच नको.

गाडीत काळबादेवी, गिरगाव अशी नावे वाचत राहा. वरळी आली की उठा, पुढचे सिद्धिविनायक. जिने अनेक असतात. देवळाची पाटी पाहूनच चढा.

खाली फोन लागेलच असे नाही. म्हणून सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, ‘‘चुकामूक झाली तर तिकीटखिडकीपाशी थांब.’’