बियाण्याची किंमत आणि सरकारचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कंपनीने ग्राहकाकडून किती किंमत घ्यावी, हे सरकारने ठरवावे काय, असा आजचा प्रश्न आहे. विषय अर्थशास्त्राचा दिसतो खरा. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्यातील कास्तकारास तो दरवर्षी मृगाच्या तोंडावर कृषी केंद्राच्या दारातच भेटतो. म्हणून कपाशीच्या बियाण्यापुरताच त्याचा विचार करू.

पूर्वी घरची सरकी राखून पेरीत असत. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तसे उतरत नाही; ते दरसाल विकतच घ्यावे लागते. २००२ साली बीटी कपाशीस आपल्या देशात परवानगी मिळाली, तेव्हा ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांस पडे. त्यातील मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा असे, आणि ते तंत्रज्ञान मोन्सॅन्टो या परदेशी कंपनीचे होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितली, आणि पाकीट ७५० रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ साली स्वतंत्र कायदा केला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी कमाल किंमत ठरविण्याचा आदेश काढला. त्यानुसार २०१६ साली बीजी-दोन वाणाचे पाकीट ८०० रुपये व त्यातील शुल्क ४९ रुपये ठरले. २०२० साली हे शुल्क शून्यावर आले. २०२५ च्या हंगामासाठी पाकिटाची किंमत ९०१ रुपये होती.

जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविले, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. पाच एकर कपाशीस एकरी दोन पाकिटे धरली, तर १,६०० च्या भावाने १६,००० रुपये होतात आणि ९०१ च्या भावाने ९,०१०. शिवाय पहिला आकडा वीस वर्षांपूर्वीच्या रुपयांतला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी एवढी रक्कम म्हणजे मुलाची पुस्तके आणि डोक्यावरील कर्जाचा काही भार होय.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९३६ पासून आपल्या सेवाग्रामी वास्तव्य केलेल्या महात्माजींनी १९४७ च्या अखेरीस धान्य व कापड यांवरील नियंत्रणे उठवावीत, असा आग्रह धरला होता. नियंत्रणाने लाचलुचपत व काळाबाजार वाढतो, असे त्यांचे मत होते. नियंत्रणे उठली, परंतु भाव कडाडले, आणि १९४८ सालीच ती पुन्हा लादावी लागली. ज्याचा मोह नियंत्रणाने होतो, त्याचाच मोह मोकळीकही देते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

बियाण्याच्या बाबतीतही तसेच घडले. शुल्क घटल्यावर २०१६ साली तणनाशक सहन करणाऱ्या नव्या वाणाचा परवानगीसाठी केलेला अर्ज मागे घेण्यात आला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. बियाण्याच्या ठरलेल्या किमतीने तिला आळा घातला नाही. याच काळात तणनाशक सहन करणारे बिनपरवान्याचे बियाणे चोरवाटेने येऊ लागले. २०१९ साली अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रहच केला. अशा पाकिटास ना कायद्याने ठरलेली किंमत, ना पावती. ते न उगवले, तर दाद कोणाकडे मागावी?

माझे मत असे की, जेथे विकणारा एकटा आहे, घेणारा अडलेला आहे आणि पाऊस त्याची वाट पाहत नाही, तेथे सरकारने किंमत अवश्य बांधून द्यावी. जेथे दहा दुकाने खरोखर चढाओढ करतात, तेथे हात घालू नये. परंतु किंमत बांधताना तिचा हिशेब लोकांपुढे मांडावा, दरवर्षी तो तपासावा, आणि बियाण्याच्या गुणाची जबाबदारीही तितक्याच कसोशीने पाहावी. स्वस्त पण वांझ बी हे महागाईहूनही महाग पडते.

आपलेही काही कर्तव्य आहेच. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही अधिक देऊ नये. पक्की पावती घ्यावी आणि पाकीट व थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. अधिक मागणाऱ्याची तक्रार कृषी अधिकाऱ्याकडे लेखी करावी. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल, तर गावातील चार ज्ञातिबांधवांनी मिळून जावे. कायदा कितीही चांगला असला, तरी तो वापरणारा नसेल तर कागदावरच राहतो. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.