गोष्टीचं पुस्तक घरी न्या

तुम्ही वाचायला शिकलात, फार चांगलं झालं. पण अक्षर हे विहिरीच्या पाण्यासारखं आहे. उपसा थांबला की झरे बुजतात. म्हणून गोष्टीचं पुस्तक घरी न्या.

मोठ्यांनी आधी ‘बारोमास’ घ्यावं. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांची ही कादंबरी. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकला, पण नोकरी नाही. शेतीत राबतो, पण घर भागत नाही.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ त्याहून नवी. धरणामुळे उठलेल्या गावाची ती गोष्ट. तिला २०२३ साली हाच पुरस्कार मिळाला.

लेकरांसाठी भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ आणा. ते २०२४ च्या बालसाहित्य पुरस्काराचं पुस्तक. नाव ऐकूनच पोरं जवळ सरकतील!

एवढं मोठं पुस्तक संपेल कसं? रोज एकच पान वाचा. शब्द अडला तर लेकराला विचारा. त्यात लाज कसली?

दुसऱ्याचं दुःख वाचलं की आपल्या दुःखाला तोंड फुटतं. आपल्याही घरात एखादा एकनाथ गप्प बसला असेल. त्याला जवळ बसवा, आणि ते पान मोठ्यानं वाचा.